रिकाम्या बाकांची घटना समिती आणि बाबासाहेब

हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी २३ नोव्हेंबर १९४९ रोजी एक फर्मान काढले. दिल्लीत तयार होत असलेली भारताची राज्यघटना हीच हैदराबाद संस्थानाचीही घटना राहील, असा त्याचा आशय होता. तीनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, घटना समितीने राज्यघटना स्वीकारली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांतील जनता अशा रीतीने भारतीय घटनेच्या छत्राखाली आली. मात्र ती आली एका संस्थानिकाच्या सहीने. तिने निवडून दिलेल्या प्रतिनिधीची सही त्या घटनेवर नाही, कारण घटना समितीत हैदराबादचा प्रतिनिधी कधी बसलाच नाही. संस्थानाच्या वाट्याच्या १६ जागा अखेरपर्यंत रिकाम्या राहिल्या.

संविधान दिनी छत्रपती संभाजीनगरात मिरवणुका निघतात, शाळा-कचेऱ्यांतून उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. हा तपशील मात्र व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतो. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र या एका तपशिलाच्या उजेडात वाचले, तर त्यातला एक वेगळा धागा हाती लागतो. संस्थानी प्रजेच्या वतीने कोणी बोलायचे, राजाने नेमलेल्या माणसाने की प्रजेने निवडलेल्या माणसाने, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९३१ पासून लावून धरला होता. त्यांनी घटना समितीत पार नेलेली घटना निजामाच्या सर्वांत मोठ्या मराठी मुलखात पोहोचली ती मात्र फर्मानाच्या वाटेने.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील लष्करी छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्यातील शाळा, मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ मधील मॅट्रिक, १९१२ मधील बी. ए., पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठ आणि नंतर लंडन, हा प्रवास मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात ओळख लपवून काढलेले दिवस आणि तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने केलेली हकालपट्टी यांनी ती नोकरी संपली. पुरोगामी समजल्या जाणाऱ्या संस्थानातही राजाची सदिच्छा राजवाड्याच्या दारापर्यंतच चालते, बाहेरच्या रस्त्यावर चालत नाही, हा धडा त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळाला. संस्थानांबाबतच्या त्यांच्या पुढील सर्व भूमिकांना या अनुभवाची पार्श्वभूमी असावी, असे मानायला जागा आहे. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला आणि त्यांच्या शिक्षणाला केलेले साह्यही त्यांनी अनुभवले होते. तेव्हा संस्थानिकांबद्दल त्यांच्या मनात सरसकट द्वेष होता असे नव्हे.

दौलताबादचे तळे

मराठवाड्याशी त्यांचा पहिला ठळक संबंध आला तो १९३४ मध्ये, आणि तो सुखाचा नव्हता. तोपर्यंत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७), लंडनमधील गोलमेज परिषदा आणि सप्टेंबर १९३२ चा पुणे करार होऊन गेला होता. त्यांचे नाव देशभर झाले होते. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यासाठी नाशिकहून निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले लहानसे तळे होते आणि भोवती दगडी फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही सहकाऱ्यांनी त्या पाण्याने हातपाय धुतले. मंडळी दरवाजात पोहोचून परवानगीची चौकशी करीत असतानाच मागून एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ ओरडत आले. या लोकांनी तळे बाटवले, अशी त्यांची तक्रार होती. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. हे तळे वापरू नये असे आम्हा परक्यांना कसे कळणार, असे पाहुण्यांनी परोपरीने सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. अखेर बाबासाहेबांचा संयम सुटला आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल काय, असा प्रश्न त्यांनी जमावाला केला. त्यावर लोक गप्प झाले. किल्ला पाहण्यास परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर एक सशस्त्र शिपाई देण्यात आला.

ही हकिगत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. ही पुस्तिका त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नव्हती. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ती प्रकाशित केली. अस्पृश्यता ही एका धर्मापुरती उरलेली नाही, ती साऱ्या मुलखाच्या हाडीमाशी खिळली आहे, हा त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातील घटनांच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणांत तळ्या-विहिरींना जागा मिळाल्याची उदाहरणे शोधावी लागतील. हे शब्द दौलताबादहून दिल्लीला गेले, असे कोणी म्हणू नये. त्यामागे चवदार तळे होते, शेकडो गावांतील पाणवठे होते आणि अनेक समित्यांचा हात त्यावरून फिरला होता. पण मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात पाणवठे, रस्ते, धर्मशाळा यांच्या वापरास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवावा, असे कलम होते, हे विसरता येत नाही.

दौलताबादनंतर चार वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नड परिसरातील मक्रणपूर येथे मराठवाड्यातील दलितांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांचा तीत पुढाकार होता आणि बाबासाहेब मार्गदर्शनासाठी आले होते. निजामी राजवटीत सभा-संघटनेवर असलेले निर्बंध पाहता ही परिषद होणे हीच मोठी गोष्ट होती. तिचा स्मृतिदिन आजही तेथे पाळला जातो.

राजाचे प्रतिनिधी की प्रजेचे?

संस्थानांचा प्रश्न बाबासाहेबांनी पहिल्यांदा तपशिलाने मांडला तो लंडनमध्ये. गोलमेज परिषदेच्या संघराज्य रचना समितीत १९३१ मध्ये ते सदस्य होते. संघराज्याच्या कायदेमंडळात संस्थानांचे प्रतिनिधी संस्थानिकांनी नेमायचे, अशी तेथील सर्वसाधारण कल्पना होती. परिषदेला आलेल्या राजेमहाराजांना ती अर्थातच पसंत होती. बाबासाहेबांनी मात्र संस्थानी प्रजेला निवडणुकीचा हक्क हवा, अशी बाजू मांडली. ती मान्य झाली नाही.

१९३५ चा कायदा आला तेव्हा संघीय विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ जागा संस्थानांना देण्यात आल्या होत्या आणि त्या भरण्याचा अधिकार संस्थानिकांना होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत २९ जानेवारी १९३९ रोजी दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी या योजनेची चिरफाड केली. 'फेडरेशन व्हर्सस फ्रीडम' या नावाने ते व्याख्यान प्रसिद्ध आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील लोकनियुक्त प्रतिनिधींच्या शेजारी राजांचे होयबा बसतील, ते ज्यांच्यासाठी कायदे करतील त्या संस्थानी प्रजेला तोंडच नसेल आणि एकतृतीयांश सभागृह कायमचे सरकारच्या खिशात राहील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हे व्याख्यान आज फारसे वाचले जात नाही. निजामी मुलखातील वाचकाने मात्र ते आवर्जून वाचावे. त्याच सुमारास हैदराबादेत स्टेट काँग्रेसवर बंदी होती आणि सत्याग्रही तुरुंगात जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या युक्तिवादाला धार कोठून आली ते कळते.

बंगालमार्गे दिल्ली

कॅबिनेट मिशनच्या १९४६ च्या योजनेने घटना समिती अस्तित्वात आली. एकूण ३८९ जागा. त्यांपैकी ९३ संस्थानांच्या. दहा लाख लोकसंख्येमागे एक सदस्य असे प्रमाण होते. प्रांतांचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळांनी निवडायचे होते. संस्थानांच्या बाबतीत, वाटाघाटींनंतर, निदान निम्मे प्रतिनिधी निवडलेले असावेत असे ठरले. लंडनमध्ये १९३१ साली जे मिळाले नव्हते, त्यातले निम्मे पंधरा वर्षांनी मिळाले.

आता स्वतः बाबासाहेबांनाच जागा मिळेना. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला होता. मुंबई कायदेमंडळात पक्षाचा एकही आमदार नव्हता, मग मते देणार कोण? बंगालमध्ये पक्षाचे एकमेव आमदार जोगेंद्रनाथ मंडल होते. त्यांनी धडपड करून बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणले. महाराष्ट्राचा हा माणूस दिल्लीत पोहोचला तो बंगालच्या खांद्यावरून. (फाळणीनंतर हेच मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये उद्विग्न होऊन भारतात परतले. दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री एकाच पक्षाचे सहकारी असावेत, हा योगायोग विलक्षण खराच.)

समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे होते. बॅ. मुकुंदराव जयकर यांनी उपसूचना दिली, की हे दोन्ही गट सभागृहात येईपर्यंत ठरावावरील निर्णय लांबणीवर टाकावा. सभागृह त्यांच्यावर नाराज झाले. १७ डिसेंबरला अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी अनपेक्षितपणे बाबासाहेबांचे नाव पुकारले. तयारी नसताना केलेल्या त्या भाषणात त्यांनी जयकरांची बाजू घेतली. ठराव करण्याचा सभागृहाला अधिकार आहे, हे त्यांना मान्य होते. अधिकार असला तरी तो तसा वापरण्यात शहाणपण आहे काय, असा त्यांचा सवाल होता. जे आज बाहेर आहेत त्यांना बरोबर घेऊन चालण्यासाठी बहुसंख्याकांनी चार पावले मागे यावे, असे ते आर्जवाने सांगत होते. ज्यांच्या पक्षाने त्यांना निवडणुकीत पाडले, तेच काँग्रेसचे सदस्य त्या भाषणाने भारावले. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. लीग आली नाही ती नाहीच.

रिकाम्या बाकांची वाट पाहावी, असे सांगणाऱ्या या सदस्याचे स्वतःचे बाकच काही महिन्यांत गेले. ३ जून १९४७ च्या योजनेने बंगालचे दोन तुकडे झाले आणि जुन्या बंगालचे सदस्यत्व संपुष्टात आले. इकडे जयकरांनी राजीनामा दिल्याने मुंबईची एक जागा मोकळी झाली होती. राजेंद्र प्रसाद यांनी ३० जून रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना तातडीने निवडून पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसच्या मतांवर ते निवडून आले आणि जुलैच्या अधिवेशनाला हजर राहिले. ज्यांच्या उपसूचनेला त्यांनी डिसेंबरात पाठिंबा दिला होता त्यांच्याच जागेवर ते आता आले. १५ ऑगस्ट रोजी ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीने दुसऱ्याच दिवशी त्यांना अध्यक्ष निवडले.

मसुदा समितीच्या रचनेत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गोपालस्वामी अय्यंगार काश्मीरचे माजी दिवाण, बी. एल. मित्तर बडोद्याचे दिवाण आणि मित्तर बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी आलेले एन. माधवराव म्हैसूरचे माजी दिवाण. संस्थानी कारभार आतून पाहिलेली माणसे समितीत भरपूर होती. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, तो आता बडोद्याच्या दिवाणांच्या समितीचा अध्यक्ष होता.

कामाचा भार कोणावर पडला हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहातच सांगून टाकले. कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी परदेशी गेले, कोणी संस्थानांच्या कामात गुंतले, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीबाहेर राहिले आणि मसुदा एकट्या आंबेडकरांच्या अंगावर आला, असा त्यांचा निर्वाळा होता. बाबासाहेबांनी स्वतः मात्र घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना जाहीरपणे श्रेय दिले. मधुमेह, पायांचे दुखणे आणि निद्रानाश यांनी ते त्या काळात बेजार होते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला, तोही मसुद्याच्या धामधुमीत.

हैदराबादची जागा

संस्थाने एकेक करून सभागृहात येत होती. बडोदा पहिल्या काही संस्थानांत होते. कोल्हापूरहून बाळासाहेब खर्डेकर आले. मुंबई प्रांतातून शंकरराव देव, काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे, तर मध्य प्रांत-वऱ्हाडातून पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी बसले होते. कागदोपत्री वऱ्हाडावरही निजामाचेच सार्वभौमत्व होते, तरी वऱ्हाडाला आवाज मिळाला. मराठी मुलखापैकी आवाजाविना राहिला तो मराठवाडा.

निजामाने विलीनीकरण नाकारले. त्रावणकोर आणि हैदराबादने स्वातंत्र्याचा पुकारा केला तेव्हा, जून १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी सविस्तर निवेदन काढून सार्वभौमत्व लोप पावल्याने संस्थाने स्वतंत्र होतात, हा सिद्धान्त कायद्याच्या आधारे खोडून काढला. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी हैदराबादमधील दलितांना उद्देशून आणखी एक निवेदन काढले. हिंदू समाजाने कितीही छळ केला असला, तरी निजामाची बाजू घेऊन त्यांनी समाजाच्या माथी कलंक आणू नये, असे त्यात बजावले होते. हे सांगणे सोपे नव्हते. संस्थानातील दलित पुढाऱ्यांचा एक गट निजामाकडे झुकला होता आणि त्यांचे नेते बी. एस. व्यंकटराव लायक अली मंत्रिमंडळात मंत्रीही झाले.

घटना समितीत जे मराठवाड्याच्या वतीने बसू शकले असते, ते त्या काळात कोठे होते? स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. अनेक कार्यकर्ते सरहद्दीवरील कॅम्पांतून लढत होते. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, ४ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडला. भारत हा राज्यांनी आपसांत करार करून बनलेला संघ नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. ऐकणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांपुढे हैदराबाद आले नसेल, हे संभवत नाही. संस्थानांना वेगळ्या घटना परिषदा आणि वेगळ्या सेना ठेवू देण्याची मसुद्यातील तरतूद आपल्याला रुचत नसल्याचेही त्यांनी सांगितले. संस्थानी आणि प्रांतिक प्रजा एकाच पातळीवर यावी, हा त्यांचा आग्रह पुढील वर्षभरात सरदार पटेलांच्या वाटाघाटींनी प्रत्यक्षात आला.

यापुढील हिशेब मात्र अवघड आहे. पोलीस कारवाईपासून घटना स्वीकारेपर्यंत चौदा महिने गेले. कलमवार चर्चा याच काळात झाली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत झाले, तेव्हा दौलताबाद भारतात येऊन अडीच महिने लोटले होते. जम्मू-काश्मीरचा तंटा संयुक्त राष्ट्रांपुढे असतानाही त्या राज्याचे चार प्रतिनिधी जून १९४९ मध्ये दाखल झाले. हैदराबादच्या १६ जागा तशाच राहिल्या. तेथे लष्करी गव्हर्नर जनरल जे. एन. चौधरी यांचा अंमल होता, लोकनियुक्त कायदेमंडळ नव्हते आणि संस्थानासाठी वेगळी घटना परिषद बोलावण्याचा विचार होता. तो मागे पडला. शेवटी फर्मानावर काम भागवले गेले. १९४६ मध्ये गैरहजर असणाऱ्यांसाठी थांबा असे सांगणारे बाबासाहेब १९४९ मध्ये मराठवाड्यासाठी थांबा असे म्हणाले नाहीत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. देश अस्थिर होता, घाई साऱ्यांनाच होती आणि संस्थानांचे खाते पटेलांकडे होते. पण हिशेब आहे तो आहे.

दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस, अकरा अधिवेशने, ७,६३५ उपसूचना, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडलेल्या. या आकड्यांत मराठवाड्याची एकही उपसूचना नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत देश प्रवेश करील, असा इशारा दिला. जमिनीची मालकी, जात आणि निजामी जहागिऱ्या यांनी पिचलेल्या या मुलखाला तो इशारा कदाचित सर्वांत लागू होता, आणि तो ऐकायला येथले कोणी सभागृहात नव्हते. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी घटनेवर सह्या केल्या.

छावणीतील महाविद्यालय

घटना अमलात आली आणि पाच महिन्यांच्या आत, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादच्या छावणी भागात महाविद्यालय सुरू केले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ पासून चालू होते. दुसरे कोठे काढायचे, याला पुणे, नागपूर अशी उत्तरे सहज सुचली असती. त्यांनी मराठवाडा निवडला. येथे तोवर इंटरपर्यंतचे सरकारी महाविद्यालय होते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषा दीर्घकाळ उर्दू होती. मराठी शेतकऱ्याच्या, दलिताच्या मुलाला ते परवडणारे नव्हते. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. घटना समितीत मराठवाड्यातून पाठवण्यासारखा जो माणूस होता त्याने आणि घटनेच्या शिल्पकाराने, दोघांनी एकाच वर्षी या प्रदेशासाठी महाविद्यालयच काढावे, यावरून येथली निकड काय होती ते दिसते.

म. भि. चिटणीस प्राचार्य म्हणून आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले तर हार मानणारा. परिसराला नागसेनवन म्हणतात, ते त्याच संवादामुळे. प्रवेश सर्व जातींना खुला होता. पुढील काळात प्राचार्य म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे आणि 'अस्मितादर्श' यांच्यामुळे दलित साहित्याच्या चळवळीला या परिसरात घर मिळाले. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बाबासाहेबांच्या वाट्याला पुढली वर्षे पराभवाचीच आली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची निवडणूक ते हरले. राज्यसभेत मात्र ते होते. आंध्र राज्याच्या विधेयकावर सप्टेंबर १९५३ मध्ये बोलताना, भाषिक राज्यांत लहान जमातींचे रक्षण कोण करणार, या मुद्द्यावर त्यांनी आपणच लिहिलेल्या घटनेविषयी जळजळीत उद्गार काढले. डिसेंबर १९५५ मध्ये लिहिलेल्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या पुस्तकात त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली आणि त्यांपैकी एक मराठवाड्याचे होते. निजामाच्या दोनशे वर्षांच्या दुर्लक्षाने हा प्रदेश शिक्षणात, शेतीत, पाण्यात मागे पडला आहे; पुण्या-नाशिकच्या पुढारलेल्या लोकांच्या हाती तो सोपवला तर त्याच्याकडे पाहणार कोण, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. संयुक्त महाराष्ट्राच्या भरातील महाराष्ट्राला हे पटले नाही, मराठवाड्यालाही नाही. नंतर त्यांनी स्वतःही संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाला साथ दिली. चिंता मात्र पुरती निराधार ठरली नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये मराठवाडा आणि विदर्भासाठी विकास मंडळांची तरतूद आली. ती मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या तिसऱ्या अनुच्छेदाच्या आधारे संसदेने हे केले, त्याचे सुधारित रूप बाबासाहेबांनीच नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहात मांडले होते. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. नागसेनवनापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यावरून मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, ठरावाची अंमलबजावणी थांबली. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. ठरावापासून नामविस्तारापर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे लागली.